मेकॅनिकल विथ डिस्टिंक्शन

जर्मनीला माणसं हवी आहेत. हे मी म्हणत नाही, स्टुटगार्टच्या बसच्या पाठीवर लिहिलेलं असतं. बसला ड्रायव्हर हवा आहे ही जाहिरात बसवरच, त्यामुळे ती बस वेळेवर का आली नाही याचा खुलासाही परस्पर होऊन जातो. बेकरीच्या काचेवर पावाच्या भावाशेजारी ‘आम्ही तुलाच शोधतोय’ अशी पाटी. इस्पितळाला नर्स हवी, बालवाडीला बाई हव्यात. नळ गळतो म्हणून प्लंबरला फोन करावा तर तो दोन आठवड्यांनंतरची वेळ देतो, कारण त्याच्या हाताखाली माणूस नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ दिल्लीला आले आणि कुशल भारतीयांना वर्षाला द्यायच्या व्हिसांचा आकडा २०,००० वरून ९०,००० वर नेणार असं सांगून गेले. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, आणि ती १९६८ पासून मुंबईची भगिनी. म्हणजे नात्यातलंच प्रकरण.

याच देशात २००० साली सरकारने आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं, तेव्हा युर्गेन र्‍युटगर्स नावाच्या पुढाऱ्यावरून ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली होती. भारतीय कशाला आणता, आपल्याच पोरांना कॉम्प्युटर शिकवा, असा एकंदर भाव. पुढच्या चोवीस वर्षांत पोरं काही पुरेशी झाली नाहीत. शेवटी इंडरांना आवतण द्यावंच लागलं.

आवतण मात्र मला नव्हतं, बायकोला होतं. ती सॉफ्टवेअरमधली. तिला ब्लू कार्ड मिळालं आणि ब्लू कार्डवालीचा नवरा म्हणून मला एक साधं कार्ड मिळालं. त्या कार्डावर ‘नोकरीधंद्यास परवानगी आहे’ असं स्पष्ट छापलेलं असतं. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, आणि त्याला जर्मन येतं का हेसुद्धा व्हिसा देताना विचारत नाहीत. इतका उदार कायदा. परवानगी सरकारची होती, काम तेवढं दुसऱ्या कुणीतरी द्यायचं होतं.

सांगलीत माझ्या सासूबाईंची फार ओढाताण झाली. ‘जावई काय करतात तिकडं?’ या प्रश्नाला त्यांनी सुरुवातीला ‘शोधतायत’ असं खरं उत्तर दिलं. मग ‘भाषा शिकतायत’ यावर काही दिवस काढले. तेही जुनं झाल्यावर एका लग्नात त्या ‘घर बघतायत’ असं म्हणाल्या. घर मीच बघत होतो हे खरंच होतं. झाडू, भांडी, कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे, सगळं. पण लग्नाच्या मांडवातून ती बातमी जावयांनी जर्मनीत बंगला घ्यायला काढला अशी बाहेर पडली, आणि दोघातिघांचे उसने पैसे मागायला फोनही आले.

मामांनी मात्र कंबर कसली. सांगलीत बसून ते मोबाईलवर जर्मन कंपन्यांच्या जाहिराती चाळायचे आणि मला लिंका पाठवायचे. एका रात्री त्यांचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

“अरे, अवघड आहे बाबा. प्रत्येक जाहिरातीत पोस्टच्या पुढं कंसात एम-डब्ल्यू-डी लिहितात. सगळ्यांनाच मेकॅनिकल विथ डिस्टिंक्शन पाहिजे. तुझं तर नुसतं फर्स्ट क्लास.”

ती अक्षरं म्हणजे पुरुष, स्त्री आणि तिसरा पर्याय. यांपैकी कुणीही अर्ज करावा, असा त्याचा अर्थ आहे हे मी समजावून सांगितलं. मामा क्षणभर गप्प झाले. “मग असं सरळ लिहावं की. डिस्टिंक्शन नको म्हणून.”

आता मी कोण ते सांगायला हवं. मी क्वालिटीतला माणूस. चाकणच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हेच केलं. मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना, माल थेट जर्मनीला. तिकडे एखादा पार्ट नापास झाला की इकडे मेल येई आणि त्याला उत्तर म्हणून एट-डी रिपोर्ट भरावा लागे. ही मूळची फोर्डची पद्धत. आठ पायऱ्या: टीम नेमा, तक्रार नीट लिहा, खराब माल अडवा, मूळ कारण शोधा, मग उपाय, उपायाची अंमलबजावणी, पुन्हा होऊ नये म्हणून बंदोबस्त आणि शेवटी टीमचं अभिनंदन. आठवी पायरी मी कधी कुणी पाळलेली पाहिली नाही. चौथी मात्र जीव घ्यायची. ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ हे मूळ कारण जर्मन माणूस मान्य करत नाही. का नव्हतं लक्ष? रात्रपाळी होती म्हणून. रात्रपाळीत का नसतं? असं पाच वेळा ‘का’ विचारत विचारत तो तुम्हाला तुमच्या आजोबांपर्यंत नेऊन सोडतो.

स्टुटगार्टात आल्यावर फक्त बाजू बदलली. आता मीच माल होतो आणि माझंच इनवर्ड इन्स्पेक्शन चालू झालं होतं. मालासोबत कागद पूर्ण नसतील तर माल कितीही चांगला असो, ट्रक गेटवर उभा राहतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मीच असे कित्येक ट्रक उभे केले होते.

इथे नोकरीला अर्ज करायचा म्हणजे एक आख्खी फाईल करायची. वर पत्र, मग जीवनवृत्तान्त, मग सगळी प्रमाणपत्रं, आणि हे सगळं एकाच पीडीएफमध्ये. प्रमाणपत्रं म्हणजे बारावीपासूनची. माझ्या बारावीच्या केमिस्ट्रीचा उल्लेख घरातसुद्धा कुणी करत नाही. तो मी अधिकृत अनुवादकाकडून शिक्क्यानिशी जर्मनमध्ये करून घेतला. जीवनवृत्तान्तात महिना आणि वर्ष घालून सलग हिशेब द्यायचा. मध्ये मोकळी जागा दिसली की विचारणा होते. इंजिनिअरिंग संपल्यावर आणि पहिली नोकरी लागण्यापूर्वी आपल्याकडे पोरगा जे काही करतो, त्याला इथल्या फाईलमध्ये रकाना नाही. खाली गाव, तारीख आणि सही. आपल्या आयुष्याखाली आपण सही करतो तेव्हा जरा विचित्र वाटतं, आजवर सगळं मान्य असल्यासारखं.

फोटोची गंमत निराळी. समान वागणुकीचा कायदा २००६ साली आल्यापासून कंपन्यांनी फोटो मागणं बंद केलं आहे. उमेदवारांनी लावणं मात्र बंद केलेलं नाही. मग मीही स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने आधी पेशा विचारला. क्वालिटी म्हटल्यावर म्हणाला, “मग एवढं हसू नका.”

गुणांचं प्रकरण मी वडिलांना सांगायला नको होतं. जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम, चार म्हणजे काठावर पास आणि पाच म्हणजे नापास. परदेशी गुण या मापात बसवायला एक सूत्र आहे, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. शंभरातून आपले गुण वजा करायचे, त्याला शंभर उणे पासिंगचे गुण यांनी भागायचं, तिनाने गुणायचं आणि वर एक मिळवायचा. माझे ६६ टक्के, पासिंग ४० चं. चौतीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक. उत्तर आलं २.७. वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कागदावर दोनदा ताळा करून पाहिला, गणित बरोबर निघालं, म्हणून जास्तच चिडले. “सहासष्टाचे दोन पूर्णांक सात? रीचेकिंगला टाक.”

विद्यापीठ खरं की खोटं हे आनाबिन नावाच्या सरकारी यादीत बघायचं. जगभरची विद्यापीठं तिच्यात आहेत. नावापुढे एच प्लस असेल तर उत्तम, एच मायनस असेल तर संपलं, आणि दोन्ही चिन्हं असतील तर आणखी कागद. आमच्या विद्यापीठापुढे एच प्लस दिसल्यावर मी त्या पानाची प्रिंट काढून फाईलला लावली. ज्या विद्यापीठाने माझा एका सेमिस्टरचा निकाल दिवाळीऐवजी होळीला लावला होता, त्याच्याविषयी मला प्रथमच अभिमान वाटला.

सगळ्यांत मोठा धक्का पुढेच होता. जर्मनीत ‘इंजिनिअर’ ही बिरुदावली कायद्याने राखीव आहे. परदेशी पदवीवाल्याला इंजिनिअरचं काम करायला कुणी अडवत नाही, पण स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचं तर राज्याच्या इंजिनिअर मंडळाकडे अर्ज करून परवानगी काढावी लागते. हे मी सांगलीला कळवलं नाही. आमच्या गल्लीत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, स्कूटरच्या मडगार्डवर ‘इंजि.’ लागतं. धाकट्या आत्याचा मुलगा तर तिसऱ्या वर्षाला गेला तेव्हापासूनच इंजि. आहे, आणि अजून तिसऱ्याच वर्षाला आहे. जर्मन कायदा सांगलीत लागू केला तर पालिकेला नुसते फ्लेक्स उतरवायला माणसं भरावी लागतील.

हे सगळं जमलं. अडलं ते कामाच्या प्रशस्तिपत्रकापाशी, आणि या विषयावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण जर्मन माणसाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रकार पाहिलेला नसतो.

इथे नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्रक मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. मजकूर खरा असावा लागतो आणि त्याच वेळी माणसाच्या पुढच्या वाटेत खोडा घालणाराही नसावा लागतो. आता कामचुकार माणसाबद्दल खरंही लिहायचं आणि चांगलंही लिहायचं, हे कसं करणार? तर सगळ्यांची स्तुतीच करायची, पण मोजून. ‘त्यांनी नेहमी आमच्या परिपूर्ण समाधानाचं काम केलं’ म्हणजे पहिला नंबर. परिपूर्णचं नुसतं ‘पूर्ण’ झालं की दुसरा. ‘नेहमी’ गळलं की तिसरा. नुसतंच ‘समाधानाचं काम केलं’ म्हणजे चौथा, ढकलपास. आणि ‘त्यांनी काम करण्याचा प्रयत्न केला’ असं लिहिलं असेल तर त्या माणसाने दुसरा धंदा बघावा. कोणाशी वागणूक चांगली होती हे सांगतानाही क्रम पाळायचा. आधी वरिष्ठ, मग सहकारी. सहकारी आधी आले की वाचणारा ओळखतो, साहेबाशी वाजलेलं होतं. ‘मनमिळाऊ होते, मंडळींत रमायचे’ असा उल्लेख दिसला तर संध्याकाळी बाटली उघडणारा गडी असल्याचा संशय. असली सांकेतिक भाषा वापरायची नाही असं कायद्यात लिहिलेलं आहे, आणि ती कशी वाचावी याची पुस्तकं दुकानात मिळतात.

त्यातल्या एका ‘नेहमी’साठी बर्लिनमधल्या दातांच्या दवाखान्यातली एक कर्मचारी कोर्टात गेली होती. तिला ‘पूर्ण समाधान’ मिळालं होतं, तिला ‘नेहमी पूर्ण समाधान’ हवं होतं. खटला थेट एर्फुर्टच्या सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की पूर्ण समाधान ही मधली श्रेणी झाली. त्याहून वरची हवी असेल तर तेवढं चांगलं काम केल्याचा पुरावा कर्मचाऱ्यानेच आणावा.

अशा देशात मी चाकणच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर घेऊन आलो होतो. त्यात तीन वाक्यं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हे आमच्याकडे होते. त्यांची वर्तणूक चांगली होती. पुढील वाटचालीस शुभेच्छा. शिवाय छापील नमुन्यातलं ‘ही/शी’ तसंच राहिलं होतं, दोन्हीपैकी एक खोडायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. (त्याबाबतीत आमची कंपनी एम-डब्ल्यू-डीच्या फार आधी पोचली होती म्हणायची.) हे पत्र एका अनुभवी मराठी मित्राने वाचलं आणि तो हळहळला. “बारा ओळींची स्तुती असते इथे. तीन ओळी म्हटल्यावर यांना वाटणार तू मशीन चोरून नेलंस.”

मी जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब दिलदार. म्हणाले, “तूच लिहून पाठव रे. लेटरहेडवर काढून सही करतो. फक्त माझ्या नावाखाली सीनियर जनरल मॅनेजर टाक, गेल्या महिन्यात झालंय.”

मग एका शनिवारी मी माझी स्वतःची स्तुती लिहायला बसलो. मराठी मध्यमवर्गातल्या माणसाला याहून कठीण काम नाही. लहानपणापासून कुणी ‘हुशार आहे हो’ म्हटलं की ‘कसला हुशार, नुसता आगाऊ’ असं उत्तर आईने आपल्या वतीने दिलेलं असतं. तरी मी लिहिलं, ‘त्यांनी सोपवलेली सर्व कामं नेहमी आमच्या परिपूर्ण समाधानाने पार पाडली.’ बायकोने वाचलं. ‘नेहमी’वर बोट ठेवलं. “नेहमी?” एवढंच विचारलं. मी तिला म्हटलं, हे कंपनीचं आहे, घरचं नव्हे. घरचं लिहायचं झालं तर प्रयत्न केला याच्या वर मला कुणी जाऊ देणार नाही, हे मला ठाऊक आहे.

अर्ज गेले. नकार यायला लागले. जर्मन नकार हा वाचण्याजोगा असतो. तुम्ही आमच्या कंपनीत रस घेतलात याबद्दल मनापासून आभार. अनेक उत्तम अर्जांतून निवड करणं आम्हाला जड गेलं. कृपया याला तुमच्या योग्यतेवरचा शेरा समजू नये. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. एवढ्या मायेने मला आजवर कुणी कामावर घेतलंही नव्हतं. काही नकार इतक्या उशिरा आले की त्या नोकरीसाठी आपण अर्ज केला होता हेच आठवेना. आपल्याला कशाला नाही म्हणतायत ते शोधायला जुने मेल उपसावे लागले.

माझ्यातल्या क्वालिटीवाल्याला एकच गोष्ट खुपत होती. मूळ कारण कुणी सांगत नव्हतं. मी एकदोन ठिकाणी फोन करून विचारलं. पलीकडून अत्यंत सौम्य आवाजात उत्तर आलं की ते सांगता येत नाही. पुढे कळलं की यालाही कायदाच जबाबदार आहे. भेदभाव झाला असं वाटलं तर उमेदवाराला नकारानंतर दोन महिन्यांत दावा सांगता येतो, म्हणून कंपन्यांचे वकील बजावून ठेवतात, कारण म्हणून काही लिहायचंच नाही. ज्या देशाने मला चाकणमध्ये रात्री अकरा वाजता पाच-पाच वेळा ‘का’ विचारलं, तो देश माझ्या एका ‘का’ला उत्तर देईना.

एक कारण तसं पेपरात रोज छापून येत होतं. माणसं हवी होती ती बसवाल्यांना, बेकरीवाल्यांना, इस्पितळांना. मोटारवाल्यांचं नेमकं उलटं चाललं होतं. स्टुटगार्टच्या आसपास मोटारी आणि सुटे भाग करणारे सगळे बडे लोक नोकरकपात जाहीर करत होते, आणि मी सुटे भाग तपासणारा. रोजगार कार्यालयातल्या बाईंनी माझी फाईल पाहिली, स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी शोधलं आणि विचारलं, “मोठी वाहनं चालवता का?”

भाषेचंही सांगितलं पाहिजे. मी पुण्याच्या माक्स म्युलर भवनात शिकून बी-टूची परीक्षा दिली होती. उच्चार स्वच्छ, व्याकरण ठीकठाक. पण या राज्याने १९९९ साली स्वतःच जाहिरात केली होती, की आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन तेवढं येत नाही. ती विनयाने केली असावी असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते निवेदन होतं. इथली श्वाबी बोली ऐकताना शब्द सुटत जातात आणि शेवटी ‘ले’ तेवढा हाती लागतो. फोनवरच्या पहिल्या मुलाखतीत समोरचे गृहस्थ दहा मिनिटं बोलले. मला ‘ले’ सोडून काही कळलं नाही. त्यांना माझं सगळं कळलं, कारण पुण्यात शिकवतात तसं जर्मन बोलणारा त्या संभाषणात मी एकटाच होतो.

काम झालं ते जिन्यात.

स्टुटगार्टच्या इमारतींत केरवोखे नावाची जुनी चाल आहे. आठवड्याच्या पाळीने प्रत्येक बिऱ्हाडाने जिना, पॅसेज, दारापुढची वाट झाडायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी टांगतात. आमच्या पाळीला घरात रिकामा मीच, त्यामुळे झाडू माझ्याकडे. मी तो जिना चाकणच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी शॉप फ्लोअर झाडून घेतात तसा झाडला. कोपरे, कठड्याच्या खालची बाजू, मीटरच्या पेटीचं डोकं. खालच्या मजल्यावरचे आजोबा दार किलकिलं करून बघायचे आणि बंद करायचे. बोलायचे काही नाहीत. श्वाबी माणूस शिवी देत नाही याचाच अर्थ त्याने स्तुती केली, अशी इथे म्हण आहे. मला ते नवीन नव्हतं. मी हेडमास्तरांचा मुलगा.

पुढल्या पाळीला आजोबा बाहेर आले. मीटरच्या पेटीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि विचारलं, “धंदा काय तुमचा?” मी म्हटलं, क्वालिटी. ते म्हणाले, “वाटलंच.” जन्मभर टूलमेकर होते. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात खानदानी कारखाना, त्यात शिकाऊ म्हणून लागले ते तिथूनच निवृत्त झाले. “फाईल आणून द्या. कागदावर,” असं म्हणून आत गेले.

इथल्या मराठी मंडळींना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, याला जर्मन लोक व्हिटॅमिन बी म्हणतात. ओळखीपाळखीसाठी त्यांचा हाच शब्द. अरेरे, म्हणजे कागद, शिक्के, एच प्लस, परिपूर्ण समाधान हे सगळं करून शेवटी गाडी आली ती ‘आपला माणूस आहे, बघा जरा’ यावरच. फरक एवढाच की आपल्याकडे ओळख लागली की कागद लागत नाहीत. इथे ओळखीने फाईल फक्त टेबलावर जाते, आणि मग ती पहिल्या पानापासून वाचतात. मी शाकाहारी, आमच्यात हे व्हिटॅमिन मुळातच कमी असतं, असं डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं होतं.

मुलाखतीला तिघं होते. क्वालिटीचे प्रमुख, एचआरच्या बाई आणि मालकांचे चिरंजीव. पहिला प्रश्न विचारला गेला, “पाणी गॅसचं की बिनगॅसचं?” त्यानंतरचा अर्धा तास नेहमीचा. तुमचे दोष सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल, वगैरे. हे प्रश्न आता जगभर सारखेच झालेत आणि उत्तरंही. मग चिरंजीवांची नजर शेवटच्या पानावर गेली. इथे जीवनवृत्तान्तात समाजकार्य लिहायची पद्धत आहे. मित्राच्या सल्ल्याने मी लिहिलं होतं: नोंदणीकृत सांस्कृतिक संस्थेचा खजिनदार. म्हणजे आमच्या चौकातलं गणेशोत्सव मंडळ. जर्मन माणसाला संस्था आणि खजिनदार हे दोन शब्द एका ओळीत दिसले की त्याचा ऊर भरून येतो. त्यांच्या गावोगावी नेमबाजांच्या, गायकांच्या, सशांची पैदास करणाऱ्यांच्या संस्था असतात आणि प्रत्येकीला खजिनदार असतो.

“वार्षिक अंदाजपत्रक?” चिरंजीवांनी विचारलं. सांगितलं. “सभासद वर्गणी कशी जमा होते?” आता याला काय सांगावं? म्हटलं, घरोघर प्रत्यक्ष भेट देऊन. “सगळे देतात?” म्हटलं, पुन्हा भेट दिली की देतात. बाईंनी टिपून घेतलं. मग मी मिरवणुकीबद्दल बोललो. बारा फुटी मूर्ती, ट्रॉली, अरुंद गल्ली, वरून विजेच्या तारा. क्वालिटीप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. तारांची उंची किती? आधी मोजता का? मी म्हटलं, तारा वर करायला बांबू घेऊन दोन कार्यकर्ते पुढे चालतात. “आणि सुरक्षेची जबाबदारी कोणाकडे?” खरं उत्तर ‘बाप्पाकडे’ असं होतं. मी ‘समितीकडे’ म्हटलं.

शेवटी चाकणचा विषय निघाला. माल कोणाला जात होता, असं प्रमुखांनी विचारलं. मी त्या बड्या कंपनीचं नाव घेतलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “तिथून तुम्हालाही शुक्रवारी संध्याकाळीच तक्रार येते?” मी म्हटलं, आमच्याकडे तेव्हा शुक्रवारची रात्र झालेली असते. त्यानंतर आम्ही दोघं जे बोलत सुटलो, त्यातलं एचआरच्या बाईंना काही समजलं नसावं. साडेसहा हजार किलोमीटर लांब बसून आम्ही एकाच घरच्या सासुरवाशिणी होतो, हे त्यांना कसं कळणार!

पत्र आलं. सहा महिने प्रोबेशन, वर्षाला तीस दिवस रजा, आणि पगाराचा आकडा ब्रुटो, म्हणजे कापण्याआधीचा. तो वाचून मी एक दिवस हवेत होतो. मग करवर्ग आला. इथे नवरा-बायको दोघं कमावते असतील तर जास्त कमावणारा तीन नंबरच्या वर्गात आणि कमी कमावणारा पाच नंबरच्या, अशी वाटणी करता येते. तिसऱ्यातल्याचा कर कमी कापतात, पाचव्यातल्याचा कापून थोडं देतात. बायको तिसऱ्यात, मी पाचव्यात. वर्षअखेरीला दोघांचा एकत्र हिशेब जुळतो म्हणे. पण स्लिप दर महिन्याला येते, आणि ती हातात घेतली की ब्रुटो आणि नेटोमध्ये एक आख्खा माणूस नोकरीला लागू शकेल एवढं अंतर दिसतं.

मामांचा फोन त्याच संध्याकाळी आला. जर्मनीत कुणाचा पगार विचारणं असभ्य समजतात. सांगलीत न विचारणं. मामांना आणि सासूबाईंना मी ब्रुटो सांगितला, वर्षाचा, रुपयांत. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या नव्या खजिनदाराचा वर्गणीसाठी फोन आला. त्याला नेटो सांगितला, महिन्याचा, युरोत.